‘डावाउजवा’ हा पत्ता उपलब्ध नाही

प्रिय डाव्या,

सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ लिहू की नुसताच नमस्कार ठोकू, या विचारात एक अख्खा कागद वाया गेला. हा दुसरा.) तुझी प्रकृती कशी आहे? डावा अंगठा थंडीत अजून ठणकतो का? वहिनींना नमस्कार सांग. घरचा पत्ता त्यांनीच आमच्या हिला दिला, म्हणून त्यांच्यावर डाफरू नकोस. इकडे सगळं क्षेम. माझी पाठ आहे तशीच आहे. फक्त हल्ली मी आधी उठतो आणि ती मागून येते.

अकरा वर्षांनी याला पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, असं तुला वाटेल. तर कारण निव्वळ धंद्याचं आहे, उगाच गैरसमज नको. झालं असं, की वेताच्या खुर्च्यांना पुन्हा बरे दिवस आलेत. ज्यांच्या आईवडिलांनी त्या माळ्यावर फेकून प्लॅस्टिकच्या आणल्या (तू त्याच विकायला गाव सोडून गेलास, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही), तीच पोरं आता माळ्यावरून त्या उतरवून, धूळ झटकून माझ्याकडे विणायला आणतात. तेव्हा आमच्या धाकटीने फर्मान काढलं, की दुकानाचं इंटरनेटवर पान हवं. मी म्हटलं, काढ बाई. मला वाटलं काम संपलं. पण नाही! म्हणे पानाला स्वतःचा पत्ता लागतो, आणि तो आपणच निवडायचा असतो. छोटा हवा, तोंडात बसणारा हवा, सगळीकडे एकच हवा, आणि एकदा ठरवला की सारखा बदलता येत नाही. मुलीचं स्थळसुद्धा इतकं पारखून कोणी बघत नसेल.

धाकटीने ‘खुर्चीकिंग’ सुचवलं. आमची ही म्हणाली, “राजे, आधी दुकान झाडा.” मग माझ्या तोंडून सहज निघून गेलं, ‘डावाउजवा’. दुसरं काय निघणार? पाटीवर जे नाव आहे ते मलासुद्धा वाचूनच सांगावं लागतं. एका खुर्चीच्या दोन बाजूंना दोन स्टुलांवर आपण बसायचो, उजव्या तिरप्या पट्ट्या मी ओढायचो, डाव्या तू. ते बघून गिऱ्हाइकांनी पाडलेलं नाव तेच खरं. (तू डावखुरा म्हणून तुझी शाळेत किती बोलणी खाऊन झाली, आणि इथे तोच हात दुकानाच्या नावात पहिला आला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं.) तर ते नाव घातलं, आणि यंत्राने तोंडावर सांगितलं, हा पत्ता उपलब्ध नाही. त्याऐवजी ‘डावाउजवा७’ घ्या, ‘खराडावाउजवा’ घ्या. नुसता ‘उजवा’ मोकळा आहे, लगेच घ्या, हे तर तीनदा सुचवलं. उजवा एकटाच आहे हे मला यंत्राने सांगायला नको होतं.

माझं डोकं फिरलं. कोण हा उपटसुंभ, आपल्या नावावर बसलेला? धाकटीला शेजारी बसवून त्याला निरोप लिहिला, “हे नाव आमच्या दोघांच्या घामाचं आहे, मुकाट्याने सोड, नाहीतर पोलिसांत जाईन.” तिने तो पाठवला आणि मग म्हणाली, “बाबा, हा फोटो बघा.” आधी दाखवायला काय झालं होतं! पानावर एकच फोटो. दाराजवळचे आपले दोन स्टूल समोरासमोर, मध्ये खुर्ची नाही. तारीख, तू गेलास त्याच दिवसाची. त्यानंतर अकरा वर्षं एक अक्षर नाही. धाकटी हळूच म्हणाली, “काकांनी नाव चोरलं नाही बाबा, राखून ठेवलंय.” मी पाणी प्यायला आत गेलो. बराच वेळ पीत होतो.

त्या दिवशी मी म्हणालो होतो, “जा, प्लॅस्टिकच विक, पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस.” जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, अन् नेमकं हेच ऐकावंस? तुझा स्टूल तिथेच आहे. त्यावर कोणी टेकलं की मला काहीतरी काम आठवतं आणि मी त्याला उठवतो. मला तुझी फार आठवण येते, गाढवा.

असो, मुद्द्यावर येतो. या सगळ्या गोंधळात एक घोळ झालाय. दुकानाची कार्डं छापून आली, आणि त्यांवर पत्ता ‘डावाउजवा’ असाच पडलाय. छापखानेवाला म्हणजे घाईचं पोतं. कार्डं वाटूनही झाली. त्यामुळे लोक माझं दुकान शोधत तुझ्या दारात येतील. दातांच्या डॉक्टरीणबाई बाहेर बसायच्या सहा खुर्च्यांचं विचारतील. त्यांना सांग, चार झाल्या. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई झुलत्या खुर्चीचं रोज विचारतील. त्यांना काही सांगू नकोस, त्या शुद्धलेखन तपासतात.

वहिनींना पुन्हा नमस्कार. कळावे, लोभ होता तसा असावा, ही विनंती.

तुझा,
उजवा

ता. क. त्या पत्त्याचं भिजत घोंगडं नको. धाकटी म्हणते, तू सोडलास तर तो मला दोन मिनिटांत मिळेल. तेवढं कर.

आणखी ता. क. ते पोलिसांचं मनावर घेऊ नकोस.

शेवटचा ता. क. छापखानेवाल्याचा काही दोष नाही. त्याने दोनदा विचारलं, पत्ता तुमचाच ना, तपासलाय ना? तो स्टुलांचा फोटो मी सोमवारी पाहिला आणि कार्डं बुधवारी छापायला टाकली. म्हटलं, माझ्याशी बोलत नाहीस, निदान गिऱ्हाइकाला तरी उत्तर द्यावंच लागेल. वरचं ते दोन मिनिटांचं विसर, पत्ता सोडू नकोस. मुख्याध्यापिकाबाईंची खुर्ची उभ्या, आडव्या आणि उजव्या पट्ट्या ओढून तयार आहे. डाव्या राहिल्यात. मऊ व्हायला वेत भिजवायचाय, पण फार भिजला की काळा पडतो, म्हणून अजून पाण्यात टाकला नाही. कधी टाकू, तेवढं कळव.