डोंगरात धावणारे आणि कुंडाचे पाणी

अप्पा,

ज्याने गंगेलाही जटेत थांबवून धरले, त्या सांबसदाशिवाची कृपा या लिहिण्यावर असो. ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांच्यावरही असो, कारण त्यांना तिची गरज अधिक आहे. कुंडाविषयी तुम्ही घालून दिलेला एक नियम मी, तुमच्या लेकीने, या उन्हाळ्यात मोडला. तहानलेल्या वाटसरूला ओंजळ नाकारायची नाही, हा तो नियम. मी ती नाकारली. क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही. कोणाला नाकारली, एवढे तुम्हांला कळावे.

डोळे मिटले की तुमचे दुकान दिसते. तुम्ही गूळ तोलता आहात आणि मी तांदळाच्या पोत्यावर बसून स्तोत्र म्हणते आहे. माझा विसर्ग निसटला की तुम्ही हातातले वजन पारड्याच्या कडेवर वाजवता, गिऱ्हाईक दचकते, मी ओळ पुन्हा घेते. तो बहात्तरचा दुष्काळ होता. गाव सगळे खडी फोडायला गेलेले, आणि डोंगरावरच्या वस्तीला महादेवाच्या कुंडात रात्रभरात पाझरेल तेवढेच प्यायचे पाणी. बायका हातघाईवर आल्या, तेव्हा तुम्ही दुकान बंद करून वर गेलात आणि कुंडाच्या पायरीवर बसून दोन गोष्टी ठरवून दिल्यात. रोज एका घराची पाळी. त्या दिवसाचे पाणी त्या घराचे, ते पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे. वाटसरूला पाळी नाही, पण त्याच्या स्वतःच्या हातांत मावेल तेवढी एक ओंजळ. भांडे बुडवायचे नाही. त्याचा कागद झाला नाही, सभासद झाले नाहीत, चेअरमन तर नाहीच नाही. म्हणूनच तो सहकार आजही चालू आहे. खाली सहकारी साखर कारखाना निघाला, त्यात हे सारे होते. ऊस वाळला, आणि त्याचे धुराडे आता कावळ्यांच्या उपयोगी पडते.

त्या कारखान्याच्या चेअरमनला यंदा डोंगर सुचला. गाळायला काही उरले नाही म्हणून माणसे पळवायची ठरली. पुण्या-मुंबईहून मंडळी आली, मांजरसुंब्याच्या धाब्यांवर रात्री उतरली, आणि सकाळी लिंबागणेशाकडच्या माळावरून त्यांची शर्यत सुटली. आपण जिला पायवाट म्हणतो तिला ते ट्रेल म्हणतात. लांबच्या शर्यतीला अल्ट्रा. मागाहून अर्थ विचारला तर संयोजकांपैकी एक जण म्हणाला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, बाई. अति तेथे माती, हे आपल्याकडे पोरेही जाणतात. यांनी त्या अतीला बक्षीस ठेवले. बालाघाट चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, आणि जिथून निघालो तिथेच धापा टाकत यायचे. प्रदक्षिणेला मध्ये देव लागतो, अप्पा. यांच्या फेरीच्या मध्ये एक बंद कारखाना तेवढा होता. लहानपणी मी उतारावरून धावत आले तेव्हा तुम्ही दंड धरून म्हणाला होतात की डोंगरात धावतो तो चोर तरी असतो, नाही तर त्याच्या घरी कुणी दगावलेले असते. या मंडळींच्या घरी सर्व कुशल होते. चोर म्हणण्याइतका पुरुषार्थही दिसला नाही.

आता घडले ते सांगते. वाट कळावी म्हणून संयोजकांनी बोरी-बाभळींना लाल कापडाच्या पट्ट्या बांधल्या आणि ते निघून गेले. वस्तीवरच्या बायकांनी त्या पाहिल्या. वाटेवरच्या झाडाला कुणी चिंधी बांधली की मागून येणाऱ्याने आपलीही एक बांधायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या वाटेचा देव मग नवस ऐकतो. पावसाचे दिवस जवळ आलेले, आभाळ कोरडे. त्यांनी जुनी लाल लुगडी फाडली आणि महादेवाची वाट जिथे वर फुटते त्या फाट्यापासून थेट देवळापर्यंत झाडे सजवली. मी विचारले, हे काय चालवले आहे? शर्यतीच्या दिवशी जिची पाळी येणार होती, ती म्हातारी मला म्हणाली, "कुणीतरी पावसाचा नवस केलाय बाई. मग आमी मागं कावून राहावं?" मला तो नवसच वाटला. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले. झाडावरची लाल चिंधी शर्यतीचीही असू शकते, हे कोणत्याच ग्रंथात मला भेटले नव्हते.

शर्यतीच्या दिवशी मी अभिषेकाला वर गेले होते. म्हातारी घागर घेऊन आलेली. तिची सून ओली बाळंतीण, घरातला हंडा पालथा. ते पाणी गेले असते तर पुढच्या पाळीपर्यंत त्या घराला शेजाऱ्यांच्या दारी उभे राहावे लागले असते, आणि शेजाऱ्यांच्या घरी तरी काय होते? इतक्यात पहिला धावपटू उगवला. पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडात, आईवेगळ्या वासराला पाजतात तशी. पिशवी रिकामी होती. खाली फाट्याच्या पलीकडे, शर्यतीच्या खऱ्या वाटेवर, त्यांचा पाण्याचा मांडव होता, पण चिंध्या फाट्यावरूनच वर आणत होत्या म्हणून तो वर आला. पायरी उतरून त्याने बाटली पुढे केली. म्हातारी म्हणाली, "भांडं न्हाई बुडवायचं बाबा. वंजळ घे." त्याने ओंजळ घेतली, प्याला. दुसरी घेतली आणि डोक्यावर ओतली.

अप्पा, ते पाणी त्याच्या मानेवरून दगडावर गेले आणि दगडाने पिऊन टाकले. म्हातारीचा आवाज चढला नाही. "आंघुळीला आलास व्हय रे? माझी सून बाळंतीण हाय." तो सॉरी म्हणाला आणि त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिले. त्याच्यामागे वाटेवर रंगीबेरंगी टोप्यांची रांग लागली होती. एकेक ओंजळ म्हटली तरी कुंडाचा तळ दिसला असता.

मी पायरीवर आडवी बसले. तृषार्ताला विन्मुख पाठवणाऱ्याची गती काय होते ते मला मुखोद्गत आहे. तुम्हीच पाठ करून घेतले होते. पण तृषार्त कोण? ज्याच्यावर तहान ओढवली तो. हौसेने एकादशी धरणाऱ्याने भिकाऱ्यांच्या पंगतीत पान मांडू नये. एक गोरटेला गृहस्थ मला म्हणाला, "काकू, देवाच्या दारात पाणी नाही म्हणता?" मी म्हटले, "देवाच्या दारात बसूनच म्हणते आहे. फाट्यापलीकडे तुमचा मांडव आहे, उतार आहे, मरत कुणी नाही. पळता ना? मग पळा. स्वतः प्या, आणि पुन्हा वर येऊन या बाईच्या घरी पाणी पोचवा."

तो म्हणाला, अशाने त्यांची रेस बाद होईल. म्हातारीने घागर कमरेवर घेतली. "ती झाली की मघाच. ह्या चिंध्या आमच्या हायती."

मग रांगेत जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. इतके शिकलेले लोक आणि चिंधीवरून एकमेकांना दोष देत होते. काही जण आम्हांला शिव्या मोजत उतरले ते आलेच नाहीत. त्यांना त्यांचे पदक लाभो. पण काही परतले. खोकी खांद्यावर घेऊन, चढावर, घामाने आंधळे होऊन. त्या दिवशी प्रथमच त्यांच्या धावण्याला अर्थ आला आणि तोही त्यांना दुसऱ्याने सांगावा लागला. बाळंतिणीच्या दाराशी बाटल्यांची थप्पी लागली, आणि म्हातारीने आपल्या पाळीची घागर कुंडातून भरून नेली. चेअरमन जीपने फाट्यापर्यंत आला. गावकऱ्यांनी घातपात केला, असे तो पत्रकारांना सांगत होता म्हणे. वर चढला नाही. चढ त्याला मानवत नाही.

तुमचा नियम मोडला तो असा. दुसऱ्यांदा तशी वेळ आली तरी मी तिथेच बसेन. एक गोष्ट मात्र कुणाजवळ बोलले नाही. संध्याकाळी म्हातारीने त्यांतली एक बाटली माझ्या पिशवीत बळेच घातली. प्रत्येक बाटलीवर चेअरमनचा हसरा फोटो. फेकून द्यावी म्हणून देवळामागे गेले. घसा सुकला होता. फोटो तळव्याखाली झाकला आणि सबंध बाटली प्याले. पाणी गार होते, गोडही.

तुम्ही जिथे आहात तिथे टपाल जात नाही, आणि जात असते तरी शेवटच्या या ओळींमुळे मी हे पाठवले नसते. पण कधी कुणाच्या हाती हे पडलेच, तर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी दिवेलागणीला हंडा भरलेला असो, लेकरे-बाळंतिणी सुखात असोत, आणि त्याची तहान त्याच्यापेक्षा मोठी कधी न होवो.