तोंडातल्या टाचण्या

प्रिय टिल्लू,

अक्षर वाकडंतिकडं दिसेल. मी बसमध्ये बसून लिहिते आहे आणि रस्ता काही इस्त्री केलेला नाही. सहा फूट उंच, कानशिलांवर पांढरे केस आलेल्या माणसाला टिल्लू म्हणणारी जगात आता मी एकटीच उरले आहे, त्यामुळे पत्र कोणाचं ते सांगायला नको. पत्र कशाला, फोन होता की, असं तू म्हणशील. फोनवर तू मला हसवतोस. मग मी हसते आणि ज्यासाठी फोन केलेला असतो ते राहूनच जातं. कागदाला ती विद्या येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी माझ्या शाळेचं सांगते. तू तिला 'ताईचं रडारडीचं कॉलेज' म्हणतोस, पण मुळात मी तिथे कशी गेले ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. हे सगळं तुझ्या भाचीचं डोकं. ती एकदा दुकानात अभ्यासाला बसली होती आणि संध्याकाळी मला म्हणाली, आई, अर्धी माणसं तुझ्याकडे कपडे शिवायला येतच नाहीत, बोलायला येतात, तर ते तरी नीट शिकून घे. पोरीचं खोटं नव्हतं. बाई माप द्यायला उभी राहिली, तिने हात बाजूला उचलले, की तिचं तोंड आपोआप उघडतं. सासू, नवरा, छातीतली गाठ, घर सोडून गेलेला मुलगा, सगळं काखेचं माप घेईपर्यंत बाहेर येतं. मला वाटायचं, ऐकण्याचा गुण माझ्या अंगातच आहे. म्हणून या वयात समुपदेशनाच्या पायाभूत वर्गात नाव घातलं. तुझे भावोजी म्हणाले, घरात ऐकण्याचा सराव होईल तर बरंच आहे.

वर्गात पहिल्याच आठवड्यात माझं पितळ उघडं पडलं. आम्ही तिघातिघांचे गट करून बसतो. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने नुसतं बघायचं आणि शेवटी काय दिसलं ते सांगायचं. माझ्या गटात एक निवृत्त फौजदार आहेत आणि एक नर्सबाई. फौजदार आपल्या जावयाबद्दल दोन वाक्यं बोलले असतील नसतील, मी त्यांना तीन सल्ले दिले, माझ्या चुलतनणंदेच्या जावयाची गोष्ट सांगितली आणि वर, होईल सगळं ठीक, असं म्हणून मोकळी झाले. शिकवणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, दुकानात तुम्ही इतकं कसं ऐकता? मी विचार करकरून सांगितलं, की दुकानात माझ्या तोंडात टाचण्या असतात. सगळा वर्ग हसला, मीही हसले, पण खरं तेच होतं. गुण माझा नव्हता, टाचण्यांचा होता. तेव्हापासून बाई मला नुसतं म्हणतात, टाचण्या, आणि मी तोंड मिटते.

मजा वाटायला लागली होती रे. बाई म्हणतात, कुठल्या एकाच मताची कास धरायची नाही. एक पंथ म्हणतो माणसाचं लहानपण बघा, दुसरा म्हणतो आत्ताचे विचार बघा, तिसरा म्हणतो आधी नुसतं त्याच्याजवळ नीट बसा. समोरच्या माणसाला ज्याचा उपयोग होईल ते सगळ्या ठिकाणांहून घ्यायचं. हे मला चटकन कळलं, कारण एकाच कागदी नमुन्यावर सगळ्यांचे कपडे बेतले तर काय होतं ते मी रोज निस्तरत असते. मी घरी येऊन तुला फोन करायचे आणि तू तुझ्या त्या एकसुरी आवाजात हं, हं, म्हणायचास.

तो आवाज मला आवडायचा नाही, पण त्याचं कारण माहीत होतं. तुझी बायको गेल्यापासून तू चष्म्यांचं दुकान उघडायचास आणि बंद करायचास, एवढंच. दाढी नाही, जेवणाचा पत्ता नाही. मी डबे पाठवायचे, ते अर्धे परत यायचे. एकदा तर तू मला म्हणालास, ताई, लोकांच्या नजरेचा नंबर काढतो मी आणि मला स्वतःलाच काही दिसत नाही. त्या दिवशी मी घाबरून विचारलं होतं, वेडंवाकडं काही मनात नाही ना रे तुझ्या? तू म्हणालास, छे गं, काहीतरीच काय. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि शिवायला बसले.

मग अलीकडे तू एकदम पालटलास. स्वतःहून फोन करायला लागलास. दाढी केलीस, दुकानाला रंग दिलास. समोरचा चष्मेवाला, ज्याच्याशी तू सात जन्म बोलणार नव्हतास, त्याला तुझं काचा घासायचं यंत्र देऊन टाकलंस आणि वर चहा पाजलास. मांजर शेजारच्या आजींना दिलंस, का तर त्यांना सोबत हवी. भाचीला सायकल आली. भावोजींना फोन करून त्या जुन्या भांडणाबद्दल माझंच चुकलं म्हणालास, तर आमचे हे दोन दिवस छाती फुगवून फिरत होते. आणि मागच्या आठवड्यात कुरिअरवाल्याने माझ्या हातात आईचा बटणांचा डबा दिला.

मी तो डबा छातीशी धरून रडले, आनंदाने. लग्न झाल्यापासून मी तो तुझ्याकडे मागते आहे. शिवणकाम मी शिकले, दुकान मी काढलं, तर बटणं कोणाला मिळायला हवीत? आणि तू लहानपणी त्यातली बटणं रांगेत लावून त्यांच्याशी खेळायचास, म्हणून हट्टाने दाबून बसला होतास. दरवेळी मी मागितला की तुझं एकच ठरलेलं उत्तर. सगळ्यांसमोर, हसत हसत. आता डबा आला, नीट कागदात गुंडाळून, झाकणाला दोरी बांधून. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, माझा भाऊ सावरला. देव पावला म्हटलं.

काल संध्याकाळी वर्ग होता. बाईंनी सरावासाठी कागद वाटले. बोलणाऱ्याने त्या कागदावरचा माणूस व्हायचं, ऐकणाऱ्याने त्याच्याशी बोलायचं. फौजदारांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बोलायला लागले. ऐकणारी मी. त्यांच्या माणसाची बायको वारलेली. बरेच महिने तो गप्प. आता बरं वाटतंय म्हणाला, डोकं शांत झालंय, झोप लागते. कुत्रा मेव्हण्याला दिला, पुस्तकं वाचनालयाला दिली, ज्याच्याशी वाकडं होतं त्याची माफी मागून आला. फौजदार कसले नट, पण ते इतकं हसतमुखाने बोलत होते की मला आधी वाटलं, छान, हा माणूस मार्गाला लागला. मी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि समोर नर्सबाईंचा चेहरा दिसला. त्या नुसत्या बघायला बसल्या होत्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बाईंनी आम्हाला काय दिलं आहे.

मी घाईघाईने फौजदारांना विचारलं, तुम्ही वेडंवाकडं काही करणार नाही ना?

फौजदार म्हणाले, छे हो, काहीतरीच काय.

टिल्लू, तुझेच शब्द. त्यांना ते कोणी शिकवले नव्हते. असं विचारलं की माणूस हेच म्हणतो. बाईंनी आम्हाला थांबवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्हाला जे उत्तर हवं होतं ते तुम्ही मागून घेतलंत. त्यांनीही तुम्हाला ते देऊन टाकलं. आता खरं विचारा." मी विचारलं, म्हणजे, तसे विचार येतात का? बाई म्हणाल्या, कसे? मी म्हटलं, म्हणजे ते, नको ते. बाई म्हणाल्या, कोणते? मला तो शब्द उच्चारता येईना. एवढी बडबडी मी, आणि एका शब्दाला अडले. शेवटी नर्सबाईंनी बाईंकडे बघून परवानगी घेतली आणि फौजदारांना विचारलं, तुम्ही जीव द्यायचा विचार करता आहात का? अगदी साधेपणाने, पाणी हवं का विचारावं तसं. आणि काय सांगू, फौजदारांचे खांदे खाली आले. तो नुसता सराव होता, तरी आले. ते म्हणाले, हो.

मग बाई बोलल्या. त्या म्हणाल्या, शब्द काढला म्हणून कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. असेल तर तो आधीपासून आत असतो आणि माणूस त्याला घेऊन एकटा बसलेला असतो. कोणीतरी नाव घेऊन विचारलं की निदान एकटेपण तरी कमी होतं. वर्गातल्या सगळ्यांनी तो प्रश्न एकेकदा म्हणून बघितला. माझी पाळी आली तेव्हा मी उठून बाहेर गेले. जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले आणि मला तुझं ते ठरलेलं उत्तर ऐकू आलं. मी डबा मागायचे आणि तू म्हणायचास, "मी मेल्यावर घे."

मी तिथूनच तुला फोन केला. तू हसलास, भाचीचं विचारलंस, मला रडारडीच्या कॉलेजात नापास व्हायचे आशीर्वाद दिलेस. मी काय विचारलं? झोपतोस ना नीट, जेवतोस ना, असं सगळं 'ना' लावून. आणि ठेवता ठेवता तू म्हणालास, ताई, रविवारी फोन करू नकोस हं, मी जरा लांब जाणार आहे, लागणार नाही. मी बरं म्हटलं. मी चक्क बरं म्हटलं रे. फोन ठेवल्यावर मला त्या रविवारचा अर्थ लागला. पुन्हा लावला तर तू पुन्हा हसशील आणि मी पुन्हा हसेन, हे मला ठाऊक होतं. शेवटची बस गेली होती. नर्सबाई माझ्यामागे जिन्यात आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, आत्ता या घटकेला त्याच्याजवळ कोण जाऊ शकेल?

तेव्हा आता कबूल करते. काल रात्री शेजारच्या आजी मांजर घेऊन तुझ्याकडे आल्या, मला याच्यामुळे शिंका येतात म्हणाल्या, आणि मग टीव्ही बघत तुझ्या कोचावर ठाण मांडून बसल्या, तिथेच झोपल्या, तो माझा कारभार. त्यांना शिंका येत नाहीत. बिचाऱ्यांनी खोट्या काढल्या. मी त्यांना सगळं खरं सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, मी उठणार नाही तिथून, तू ये. तू रागावशील तर माझ्यावर रागव, त्यांच्यावर नको.

मी घरी जाऊन प्रश्नाची तयारी केली. मशीनसमोर म्हणून बघितला, आरशासमोर म्हणून बघितला, यांच्यासमोर म्हणताना रडले. हे बरोबर येतो म्हणत होते, पण मी नको म्हटलं, दोघं दारात दिसलो तर तू लगेच पाहुणचाराला लागशील. पहाटे पहिल्या बसमध्ये बसले. मला भीती वाटते, टिल्लू. तू हो म्हणशील याची वाटते, आणि तू नाही म्हणशील आणि मला ते खरं की खोटं कळणार नाही याची त्याहून जास्त वाटते. माझं शिक्षण अजून पायाशीच आहे. मी तुझी समुपदेशक व्हायला येत नाही, बाईंनीही बजावलंय की आपल्याच माणसाचं समुपदेशन करता येत नाही. मी फक्त बहीण म्हणून येते आहे.

आता बस नाही, म्हणून अक्षर जरा बरं आलंय. मी तुझ्या इमारतीच्या जिन्यात बसले आहे, पहिल्या पायरीवर. तुझ्या घरातून मांजराचा आवाज येतोय आणि आजी त्याला दटावताहेत. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. दार उघडलंस की तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत समोर उभी राहीन, कारण तोंडाने विचारायला गेले तर मी पुन्हा जेवलास ना म्हणेन. म्हणून लिहिते. टिल्लू, तू जीव द्यायचं ठरवलं आहेस का? उद्या रविवारी त्यासाठीच जाणार आहेस का? जे असेल ते सांग. हो असेल तर हो म्हण. मी सल्ला देणार नाही, कोणाच्या जावयाची गोष्ट सांगणार नाही, रडले तर रडू दे. नर्सबाईंनी तुझ्या इथल्या एका डॉक्टरांशी सकाळीच बोलून ठेवलंय, आज ते आपली वाट बघताहेत, मी त्यांच्या दाराबाहेर बसेन आणि नंतर तुझ्याकडेच राहीन, हे कपडे घेऊनच आले आहे. आणि माझ्या पिशवीत आईचा डबा आहे. तो मी परत आणलाय. मला तो इतक्यात नको.

तुझीच,
ताई