आहुपेच्या सहलीचं कळलं

अण्णा,

आईच्या बीपीच्या गोळ्या फळीवर आहेत. पांढरी सकाळी, पिवळी रात्री जेवणानंतर.

काल एमएस्सीचा फॉर्म भरायला गेले, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारलं, आहुपेच्या देवराईच्या सहलीतून माझं नाव तिन्ही वर्षं का गळलं? सर म्हणाले, "तुझ्या वडिलांचाच फोन यायचा. पोरगी आजारी हाय, म्हणायचे." मी तीन वर्षांत एक दिवसही आजारी नव्हते. मला वाटायचं, माझे गुण कमी पडतात. तुम्हाला भीती वाटत होती, तर मला सांगायचं होतं.

"कॉलेज घराजवळ हाय, गरम जेवण हाय, आणखी कसली मोकळीक पायजे तुला?" असं तुम्ही म्हणायचात. त्यावर विश्वास ठेवून मी पुण्याला शिकायचा हट्ट सोडला.

पुढेही ओतूरच्या याच कॉलेजात शिकणार आहे, पण वर्गातल्या समृद्धीबरोबर खोली घेऊन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम मिळालंय, भाडं त्यातून भागेल. आज पहिल्या गाडीने आहुपेला चाललेय, एकटीच. तिथून थेट खोलीवर जाईन.

रविवारी घरी येईन. मुक्काम करायचा की नाही, ते आल्यावर ठरवीन.

रोहिणी