सुलटी गाठ

ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया
१८ मे २०२५

प्रिय साक्षी,

सप्रेम जयभीम. लोकेशलाही सांग.

इकडे सगळे ठीक आहोत. ऊन असं तापून राहिलं की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. आचलची बारावी झाली, आता दिवसभर मोबाईल घेऊन लोळत असते. माझीच पोरगी, कोणाला सांगू. बिडीच्या पानांचा, तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला. मोहल्ल्यातल्या बाया पहाटेच आपल्या इकडच्या प्रतापगडाच्या जंगलात पानं तोडायला जातात. यंदा मी गेली नाही. घरी काम होतं. माय बरी आहे.

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीनं, नीतूनं दिला. तिच्यावर चिडू नको, मीच तिचा पिच्छा सोडला नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, मग काय करू.

आता मुद्द्याचं. मोबाईलवर ती 'सात चंद्रांची सेनापती' नावाची कादंबरी येते, ती तूच लिहून राहिलीस ना? नाही म्हणू नको. वरती 'वनजा' असं नाव टाकलं म्हणून काय झालं.

आचल ती एकटीच वाचायची. मी म्हटलं, मोठ्यानं वाच, मायचाही वेळ जाईल. पहिला भाग ऐकून मला हसूच आलं. त्यातली शर्वरी ट्रकखाली येते, मरते, आणि डोळे उघडते तर दुसऱ्याच जगात. आकाशात सात चंद्र, हातात तलवार, आणि चार भागांत बाई सेनापती. आपल्याला इथं रेशनकार्डावर नाव चढवायला वर्ष लागतं. पण माय हसली नाही. म्हणाली, "पोरगी तिकडं गेली ते ठीक. इकडं तिच्या मायनं त्या दिवशी चूल पेटवली का नाई, थे काऊन नाई लिवलं?"

आचल म्हणाली, "आजी, अशा गोष्टीत मागचं जग नसते."

"असं का? मंग वाच समोर."

मग रोज दुपारी वाचन सुरू झालं. मायला लढाया आवडायला लागल्या. शर्वरी हरायला आली की माय आचललाच रागवायची. एक दिवस तो भाग आला. लढाई संपल्यावर शर्वरी जखमींना औषधाची पानं बांधते, आणि शत्रूच्या वैद्याला ती गाठ काही केल्या सुटत नाही. दोराचा फेर डावीकडून आणि अंगठा खालून, असं तू लिहिलं होतंस. माय म्हणाली, "थांब. परत वाच." आचलनं परत वाचलं. मायनं डोळे मिटून घेतले.

"हे आपल्या साक्षीनं लिवलं."

मला पटलं नाही. मग आठवलं. माय डावखुरी, तिच्या तेंदूच्या पुड्याची गाठ सगळ्या गावात उलटी. पानं विकत घेतात त्या फळीवर पुडे मोजणारा शालीकराम लांबूनच सांगायचा, हे हिचे. मी मायच्या समोर बसून शिकली, म्हणून माझी गाठ चारचौघींसारखी. तू तिच्या मांडीवर बसून शिकलीस. उजव्या हाताची असून उलटीच बांधायचीस, आणि मी तुला वेडी म्हणायची. ती गाठ अख्ख्या जगात दोघींनाच येते.

लोकेशशी परस्पर लग्न केल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा माय म्हणाली होती, "आजपासून तू मले मेली." शर्वरी पहिल्याच भागात का मरते ते मला आता कळलं. मायला माझ्या आधी कळलं असेल. त्या दिवशी ती जेवली नाही. आणि तिनं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तुला माहीत असू दे. तुझा फोन आला त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नव्हती.

साक्षी, वरती मी माय बरी आहे असं लिहिलं. ते पुरतं खरं नाही. मागचा पोळा झाल्यावर तिला लकवा मारला. डावा हात गेला, पायही ओढत चालते, तेही कोणी धरलं तर. म्हणून मी जंगलात जात नाही. तुला कळवते म्हटलं की म्हणायची, "मेलेल्या पोरीले कायले सांगतेस?" डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर ती वाचणार नाही.

आता शेवटचा भाग राहिला म्हणतात. शर्वरी दोन दारांच्या मधे उभी आहे. खाली वाचणाऱ्यांनी लिहिलं आहे, तिनं तिथंच राहावं, जुन्या जगात तिचं काय ठेवलं आहे. आचलनं तेही वाचून दाखवलं. मी तिला डोळ्यानं दटावली, पण माय शांतपणे म्हणाली, "बरोबर म्हणतेत. तिकडं तिची फौज आहे." मग म्हणाली, "पण मायले एकदा भेटून जाय म्हणा."

तू गोष्ट बदल असं मी म्हणत नाही. तुझी शर्वरी राहू दे तिकडे सेनापती. तू ये. लोकेशला घेऊन ये.

सोबत तेंदूचा एक पुडा पाठवते. मायनंच पाठवायला लावला. शेजारणीकडून पानं मागून आणली. दोराचं एक टोक दातात धरून तिनं एका हातानं बांधला. अख्खी दुपार गेली, पण मला हात लावू दिला नाही. गाठ सुलटी पडली आहे आणि ढिली आहे, कोणीही सोडेल. तुला ओळखू येणार नाही, म्हणून सांगते. ती मायचीच आहे.

तुझी ताई,
दुर्गा

खाली तुझ्याकडून काय लिहू, असं मी मायला विचारलं. म्हणाली, "दुसरं काई नको. 'तुझी माय' इतकंच लिव."

तुझी माय