नजर सामान्य

सोमवार, ८ जुलै
वाईट वागले आज. आरोग्य पथक यायच्या आत पाचवीची वजनं आणि नजर वर्गशिक्षकानंच तपासून लिहायची होती. शिवांजली काट्यावर चढली आणि मी मोठ्यानं ओरडले — "बावन्न!" वर्ग खदखदून हसला. मीही हसले. पोर उतरली ती मान खाली घालूनच.

मग डोळे. तिनं तक्त्यावरची अक्षरं धडाधडा म्हटली. पण माझी पट्टी होती चौथ्या ओळीवर आणि ती म्हणत होती तिसरी! आधीच्या पोरीचं ऐकून पाठ केलेली. कळलं मला. पण अजून अकरा जणी रांगेत होत्या. लिहून टाकलं — नजर सामान्य.

मंगळवार, ९ जुलै
उद्या परत तपासते तिला.

शुक्रवार, १९ जुलै
नाही तपासलं.

शुक्रवार, २६ जुलै
शिवांजलीची आई, अंकिता, शाळेत आली होती. "आवं बाई, हिला जरा खेळवत जावा की. अंग लय सुटलंय." मी म्हटलं, तीच खेळत नाही, आळस करते. शिवांजली शेजारीच उभी. हळूच म्हणाली, "चेंडू दिसत न्हाई, बाई. अंगावर आला की मगच कळतंय."

अंकिता माझ्याकडं बघायला लागली. "डोळं तपासलं न्हवतं व्हय?"

"तपासले होते," म्हटलं मी.

आणि शेवटच्या बाकावर तिला बसवलं कुणी? मीच. पुढं बसली की मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून!

शनिवार, ३ ऑगस्ट
दोघींना कराडला घेऊन गेले, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. दोन्ही डोळ्यांना साडेचार नंबर. "हिनं आजवर फळा वाचला कसा?" डॉक्टरांनी विचारलं. मी भिंतीकडं बघत बसले. अंकितानं वजनाचं काढलं, तर म्हणाले, "आधी दिसू द्या तिला. मग धावेल, खेळेल. वजनाचं पुढं बघू."

येताना एसटीत अंकिताला सगळं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं. तिनं शेंगदाण्याची पुडी पुढं केली — घेतले आणि खात बसले.

सोमवार, १२ ऑगस्ट
चष्मा आला. पहिल्या बाकावर बसवली. खेळाच्या तासाला चेंडूमागं पळाली, धापा टाकत. एक पोरगं हसलं. मी त्याच्यावर ओरडले — कुठल्या तोंडानं!

रविवार, १८ ऑगस्ट
शिवांजलीच्या वडिलांचा फोन आला. ऋषिराज — फौजेत आहेत, जोधपूरला. "बाई, लय उपकार झालं तुमचं. शिवा सांगत हुती, तिला दिसत न्हाई हे पैल्यांदा बाईंनीच वळखलं. डोळं तपासलं त्याच दिवशी."

म्हणजे तिला माहीत होतं. मला कळलं होतं ते, तिला त्याच दिवशी माहीत होतं!

"असू द्या," म्हणाले मी.