आधी बिअर, मग अंडी

३ जानेवारी
बाटली दुकानात १९०. घरची: जव, यीस्ट, हॉप्स मिळून पंचवीस बाटल्यांना २,६००. म्हणजे १०४. वीज जवळजवळ फुकट. फ्रीज धरायचा नाही, आइस्क्रीमवाल्याच्या भंगारातला आहे. बॅटरी ९८,०००, तीही धरायची नाही. ती बायकोच्या, म्हणजे सविताच्या, अंड्यांसाठी घेतली.
सवितानं दोन वर्षांच्या दुधाच्या पैशातून अंडी उबवायचं मशीन आणलंय. दीडशे अंडी आजच लावली. २४ ला पिल्लं. बचत गटाच्या पंधरा बायकांना शब्द देऊन बसली आहे, प्रत्येकीला दहा. संध्याकाळी लाईट जाते, म्हणून बॅटरी.
बिअरही आजच लावली. २६ ला पिंपाचा नळ उघडायचा. त्या दिवशी दारूची दुकानं बंद. घोडेगावला तेव्हा माणसाची किंमत कळेल.

४ जानेवारी
प्लॅन. रात्रीची वीज स्वस्त. तीस वर्षं दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी भरतोय, मला कोण सांगणार? शेतकरी रात्री पाणी का धरतो? स्वस्त म्हणूनच. तेव्हा रात्री बॅटरी भरायची, दिवसभर फ्रीज तिच्यावर.
बिभीषण लाईनमन म्हणाला, शेठ, नव्या मीटरला दिवसा स्वस्त हाय, नऊ ते पाच. चहा पाजून पाठवला. वीज कळत असती तर खांबावर कशाला चढला असता.

५ जानेवारी
बॅटरीचं रिकामं खोकं अंगणात पडलं होतं. त्यात सविताची गावठी कोंबडी अकरा अंड्यांवर बसली आहे. हाकलायला गेलो, चोच मारली. जुनी टेक्नॉलॉजी. बसू दे. लोकांना फरक दिसेल.

९ जानेवारी
सातला लाईट गेली. बॅटरीत पाच टक्के. मशीन चाळीस मिनिटं बंद. सविता म्हणते, भरल्याली बॅटरी गेली कुठं? कुठं जाणार, भिंतीवरच आहे. आणि अंड्यांना एवढं चालतं. कोंबडी चरायला उठत नाही का?

१२ जानेवारी
वास सुटलाय. विचारणाऱ्याला सांगतो, जवाचं पाणी, मुतखड्यावर. आतापर्यंत तिघांनी नंबर लावला. मार्केट आहे.

१५ जानेवारी
आज मशीन दीड तास बंद. यावर कायमचा उपाय केला. बॅटरी तीस टक्क्यांवर आली की एकच वस्तू चालेल. आधी बिअर, मग अंडी. बिअर बिघडली की बिघडली. अंडी कोंबड्या रोज घालतात.
सविताला सेटिंग सांगितलं नाही. टेक्निकल आहे.

१८ जानेवारी
पाच तास लाईट नाही. बाहेर नऊ डिग्री. बिअर बारावर पक्की, काटा हलला नाही. याला म्हणतात कंट्रोल.
सवितानं स्वतःची गोधडी मशीनवर टाकली, गरम पाण्याच्या बाटल्या भोवती लावून बसली. मी कोंबडीच्या चरण्याची आठवण दिली. म्हणाली, पाच तास कुठली कोंबडी चरती? म्हटलं, चारा चांगला असेल तर. हसली नाही. हल्ली तिला विनोद कळत नाही.

२४ जानेवारी
मशीन उघडलं. दीडशेतून शून्य.
बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. गटाच्या अध्यक्ष सत्यशीलाबाई म्हणाल्या, सविता, तुझं दूधच बरं हुतं बाई. रिकाम्या टोपल्या घेऊन गेल्या. जाताना चहा कुणीच घेतला नाही. माझी साखर वाचली.
सविता मागं खड्डा खणत होती. मी म्हणालो, लिंबाला खत झालं. तिनं कुदळ माझ्या हातात दिली. पाठ दुखते म्हणून खाली ठेवली.

२५ जानेवारी
बिल आलं. सवलत दिवसाच्या रकान्यात, आणि त्या रकान्यात आमचं वापरणं जवळजवळ नाहीच. मीटरची चूक. अर्ज करणार.

२६ जानेवारी
नळ उघडला. पहिला ग्लास गहिनीनाथला, दुकानातला माझा सगळ्यात जुना माणूस. एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाला, शेठ, मुतखडा पडंल ह्यानं.
दुसरा घोट मागितला नाही. मीही माझा ग्लास ठेवला.
सविता अंगणात बसली होती. खोक्यातली कोंबडी सकाळी उठली. अकरा अंडी, दहा पिल्लं.