समुद्र डाव्या हाताला

सिस्टर,

शुक्रवार, एकोणीस जुलै एकोणीसशे अडुसष्ट, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं, चौथा तास. तारीख वहीच्या कोपऱ्यात तुमच्याच लाल शाईत आहे. वेळ मला आठवते, कारण तुम्ही मला उभं केलंत तेव्हा तुमच्याकडे पाहायला लागू नये म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. आठवीचा वर्ग. मेलेला उंदीर उचलावा तशी माझी भूगोलाची वही तुम्ही दोन बोटांत धरलीत आणि सगळ्यांना दाखवलीत. ‘ही मुलगी वेंगुर्ल्याहून येते. हिला वाटतं, जगातले सगळे समुद्र वेंगुर्ल्यासारखे डावीकडेच असतात.’ वर्ग हसला. मी म्हटलं, ‘पण सिस्टर, तुम्हीच म्हणालात, समुद्र डाव्या हाताला आहे म्हणून.’ तुम्ही वही टेबलावर ठेवलीत. मग म्हणालात, ‘मी असं काहीही म्हटलेलं नाही.’ नकाशाखाली शून्य, आणि शून्याखाली शेरा: निष्काळजी आणि खोटारडी. निष्काळजीबद्दल माझं काही म्हणणं नाही. हे पत्र दुसऱ्या शब्दाबद्दल आहे.

मराठीत लिहिते आहे, कारण तुम्हाला इंग्रजीत लिहायला घेतलं की मी सत्तर वर्षांची बाई खुर्चीतून उठून उभी राहते. आपल्याला मराठी येत नाही असं तुम्ही भासवायचात. पण शाळेच्या फाटकापाशी वांग्यांवरून भाजीवालीशी तुमची जी हुज्जत चालायची, ती आम्ही बोर्डिंगच्या मुलींनी खिडकीतून ऐकलेली आहे. ‘कीड आहे, बाई, कीड! मला दिसते!’ ज्याला कीड म्हणता येते त्याला हे पत्रही वाचता येईल.

घाटावरच्या त्या कॉन्व्हेंटमध्ये तुम्ही एकट्याच स्पेनच्या, तेही पार दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या. आठवडाभर तुम्ही पुस्तकातला भूगोल शिकवायचात. शुक्रवारी पुस्तक मिटायचं. तुम्ही खिडकीला पाठ लावून, डोळे मिटून बोलताय आणि आम्ही चाळीस जणी वहीत नकाशा काढतोय, हे मला आत्ता अमेरिकेत, हर्नडनच्या या स्वयंपाकघरात बसूनही दिसतं. समुद्रापासून थोड्या अंतरावर चर्चएवढी उंच गुहा आहे. दोन डोंगरांच्या मध्ये एक पूल आहे, त्यावरून दगड टाकला तर तो तळाला पोचेपर्यंत एक ‘अव्हे मारिया’ची प्रार्थना म्हणून होते. ग्रानादाला लाल राजवाडा आहे, तिथल्या बागेत जिन्याच्या कठड्यातून पाणी वाहतं. इथे आम्ही हसलो होतो. आणि सगळ्यांत शेवटी डोंगरावरचं तुमचं पांढरं गाव. ‘मिस्सा संपली की मी चर्चच्या दारातून बाहेर येते. समोर खाली उसाच्या गिरणीचं धुराडं. उजव्या हाताला तीन पायऱ्यांची विहीर. आणि समुद्र माझ्या डाव्या हाताला.’ हे तुम्ही म्हणालात. बाकीच्या मुलींनी ते ऐकलंच नाही. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावरून समुद्र खाली, दक्षिणेला काढला आणि सात-सात, आठ-आठ गुण घेतले.

तुमची शिक्षेची पद्धतही ठरलेली होती. चूक करणाऱ्या मुलीनं सोमवारी पहिली घंटा व्हायच्या आत लेखी खुलासा द्यायचा. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, आजारपणाची कारणं न सांगता. मी एकच ओळ लिहून दिली: सिस्टर, तुम्ही डाव्या हाताला म्हणालात. तुम्ही ती वाचलीत, कागदाची चौपदरी घडी करून झग्याच्या खिशात ठेवलीत. पण त्यानंतर शुक्रवारी पुस्तक मिटलं नाही. पुढची तीन वर्षं तुम्ही तुमच्या गावाचं नाव काढलं नाहीत. मुलींनी मला ते बरेच दिवस ऐकवलं. ‘झालं समाधान? आता बस ऱ्हाइन नदी पाठ करत.’

शाळा सुटली त्या दिवशी तुम्ही मला व्हरांड्यात बोलावून तुमची पितळी कडेची लाकडी पट्टी दिलीत. जिनं आमच्या बोटांवर मारायचात, तीच. ‘तुझ्या रेषा सरळ असतात,’ एवढंच म्हणालात. मी ती अमेरिकेत घेऊन आले. इथे काउंटीच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं मी जमिनींचे नकाशे काढले. कुणाचं कुंपण कुठे संपतं, ओढा कुणाच्या हद्दीत येतो, हे माझ्या नकाशावरून ठरायचं. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. माझ्या हातून उत्तरेचा बाण तपासल्याशिवाय एकही नकाशा बाहेर गेला नाही. नव्या पोरांना मी दोन-दोनदा तपासायला लावायचे. त्यांनी माझं नाव ‘मिसेस नॉर्थ’ ठेवलं होतं, आणि ते मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं. निरोपसमारंभात साहेब म्हणाले की या बाईंच्या नकाशावरून कुणी कधी कोर्टात हरलं नाही. तुम्ही तिथे हव्या होता.

यंदा माझी सत्तरी झाली. मुलगा म्हणाला, ‘आई, यू डिसाइड. जगात कुठेही.’ मी तुमचा किनारा सांगितला. त्याला वाटलं, आईला बीच आवडायला लागला. गुड फ्रायडेच्या आठवड्यात आम्ही तिघं, मुलगा, सून आणि मी, समुद्राकाठच्या एका हॉटेलात उतरलो. पहिल्या संध्याकाळी मी एकटीच वाळूवर जाऊन आले. तिथे काय झालं ते शेवटी सांगेन.

रोज एक सहल. मी तुमचा प्रत्येक शब्द तपासत गेले, आणि तुमच्यासारखेच गुण देत गेले. गुहा चर्चएवढी नाही, त्याहून उंच आहे. उगाच विनय दाखवल्याबद्दल दोन गुण कापून आठ. पुलावर मी दगड टाकला नाही, खाली माणसं होती. पण मुलानं फोनवर गणित केलं, दगड साडेचार सेकंदांत तळाला जातो. मी तुमच्याहून भराभर ‘अव्हे मारिया’ म्हणून पाहिली, अर्ध्यावरही आले नाही. चार गुण, तेही पूल पाहून. सोमवारी ग्रानादाला गेलो, आणि त्या बागेत जिन्याच्या कठड्यातून खरंच पाणी वाहत होतं. दगडाची पन्हाळ केली आहे, हात टेकायचा तिथेच पाणी. मी कोपरापर्यंत हात बुडवला. सून म्हणाली, ‘आई, बाही!’ भिजू दे म्हटलं. दहापैकी दहा. आणि तिथेच, सिस्टर, मला पहिल्यांदा भीती वाटली. जिन्यातल्या पाण्याबद्दल जी बाई खरं बोलते, ती डाव्या हाताबद्दल खोटं कशाला बोलेल? मग मीच चुकीचं ऐकलं होतं का? सत्तावन्न वर्षं मी जे छातीठोकपणे सांगत आले, ते मीच रचलं होतं का? आता फक्त तुमचं गाव राहिलं होतं.

मंगळवारी सकाळी नाश्त्याला मुलगा म्हणाला, ‘आई, आज ते व्हिलेज स्किप करूया. सगळी सेम असतात. पांढरी घरं, कुंड्या, फोटो. परवा एक झालं ना बघून.’

‘ते वेगळं होतं.’

‘आणि चढ आहे खूप. तुझे गुडघे...’

‘माझे गुडघे माझ्याबरोबर राहतात. मी त्यांना विचारते.’

सून समजूत घालायला पुढे झाली. ‘तुम्ही आज हॉटेलच्या स्विमिंग पूलपाशी मस्त आराम करा ना, आई. आम्ही ती दरीतली वॉक करून येतो. तिथे हेल्मेट घालूनच सोडतात.’

‘कड्याला लटकून चालायला तुम्ही जाणार आणि आराम मी करायचा? डोक्याला मार लागलाय तो कुणाच्या?’

‘एकटी कशी जाशील? लँग्वेज येत नाही तुला,’ मुलगा म्हणाला.

‘तुझ्या जन्माआधी मी एकटी अमेरिकेत, डलसच्या विमानतळावर उतरले होते, हातात लोणच्याची बरणी घेऊन. कस्टमवाल्याला लोणचं म्हणजे काय हे समजावलं. बस कुठली ते मला कळेल.’

बस हॉटेलच्या मागच्या चौकातून सुटते. वीस मिनिटांची वळणं. खाली शेतं, वर डोंगर, आणि मी खिडकीतून मुद्दाम बाहेर पाहिलं नाही. समुद्र कुठे दिसतो ते मला आधी कळायला नको होतं. गावात शिरल्यावर चर्चची घंटा ऐकत चढत गेले. गुडघ्यांनी तक्रार केली, मी ऐकून घेतली नाही. चर्चमध्ये पाच-सहा बायका मिरवणुकीच्या पालखीला फुलं बांधत होत्या. मी सरळ वेदीपर्यंत गेले. गुडघे टेकले नाहीत, एकदा टेकले तर उठवायला त्या बायका लागल्या असत्या. दोन मिनिटं मान खाली घालून उभी राहिले. मग वळले आणि फरशीकडे बघत, तुम्ही मिस्साहून निघायचात तशी, दाराबाहेर आले. उंबऱ्यावर थांबले. मान वर केली.

समोर खाली गिरणीचं धुराडं. थंड, पण उभं. उजव्या हाताला विहीर नाही, तिथे आता पाण्याचा नळ बसवलाय. पण पायऱ्या तीन. मी मोजल्या. आणि मग डावीकडे वळले. कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे, खाली, दूरवर, सबंध समुद्र.

‘डावीकडे!’ मी ओरडले. मराठीत. फुलं बांधणारी एक बाई धावत बाहेर आली, माझ्याच वयाची, हातात सुतळी. तिला वाटलं असेल मी पडले. मी बोट दाखवलं. ‘मार,’ मी म्हटलं, म्हणजे समुद्र, तुमच्याकडून शिकलेल्या सात शब्दांतला एक. ‘सी, मार,’ ती होकार देत म्हणाली, वेड्याशी बोलावं तशी. मी पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं वहीचं पान काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते दारात उभं राहून समोर धरलं. धुराड्यावर बोट ठेवलं, समोर पाहिलं. पायऱ्यांवर ठेवलं, उजवीकडे पाहिलं. समुद्रावर ठेवलं, डावीकडे पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग तिला खालचं शून्य दिसलं. ‘सेरो?’ ‘सेरो,’ मी म्हटलं. त्यावर ती जे बोलली त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण ‘अगं बाई गं’ला आपल्याकडे जो सूर लागतो तोच होता. तिनं माझा गाल थोपटला.

तेवढ्यात मुलाचा फोन. ‘आई, कुठे आहेस?’

‘चर्चच्या दारात. समुद्र डाव्या हाताला आहे.’

‘व्हॉट?’

‘डाव्या हाताला, म्हटलं.’

‘ओके... पण तू बरी आहेस ना?’

‘सत्तावन्न वर्षांत इतकी बरी नव्हते.’

दाराचं तोंड पश्चिमेला आहे, सिस्टर, म्हणजे डावा हात दक्षिणेला. माझ्या नकाशात चूक एकच, उत्तरेचा बाण. तो मी शाळेच्या सवयीनं वर काढला होता, उजवीकडे काढायला हवा होता. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, या चुकीला एक गुण कापतात. दहापैकी नऊ.

चौकातल्या खानावळीत मी पाटीवरच्या चित्राला बोट लावून एक ताटली मागवली. वांग्याचे काप, कुरकुरीत तळलेले, आणि वरून काकवी. आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तळलेली वांगी ताटलीत घेऊन तुम्ही त्यावर काकवी ओतायचात तेव्हा आम्ही नाकं मुरडायचो, आणि आचारीण म्हणायची, ‘शिस्टरला चव न्हाई.’ मी ताटली चाटूनपुसून संपवली. चव होती. तुम्ही त्या शुक्रवारी आम्हाला नकाशा सांगतच नव्हता, तुम्ही मिस्सा संपवून घरी निघाला होता, आणि मी तुमचेच शब्द सगळ्या वर्गापुढे तुम्हाला ऐकवले. नाकारलंत ते त्यामुळे का, हे मला अजून कळलेलं नाही. ते तुम्हीच सांगायचं आहे. पट्टी दिलीत ती मी जपली आहे, पण पट्टी म्हणजे खुलासा नव्हे.

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुमचा पत्ता मला माहीत आहे, शाळेच्या मागे, दुसरी रांग, भिंतीकडून तिसरी. तिथे पोस्टमन जात नाही. पत्र वहीतच ठेवते, त्या पानापाशी.

आणि आता पहिल्या संध्याकाळचं. मी वाळूवर खुर्ची घेऊन समुद्राकडे तोंड करून बसले होते, वेंगुर्ल्याला बुडतो तसा सूर्य पाण्यात बुडताना बघायला. अर्धा तास बसले. सूर्य माझ्या उजव्या खांद्याकडे, डोंगरामागे गेला. मिसेस नॉर्थ! मुलाला सांगितलं नाही. खुर्चीत बसल्याबसल्या मला तो शुक्रवार आठवला, आणि त्यातलं तेही, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुम्ही ‘डाव्या हाताला’ म्हणालात हे खरं. पण तुम्ही म्हणालात तेव्हा माझा समुद्र डावीकडे आधीच निळा रंगवून झाला होता.

याचा खुलासा मी देईन. आधी तुमचा. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, आणि मरण हे कारण चालणार नाही. सोमवारी, पहिली घंटा व्हायच्या आत.